आठ टक्क्यांच्या उत्तरासाठी

सकाळी 6.30

संगणकाआधी वही उघडते. आज ज्या प्रबंधावर बसायचं, त्याचा प्रश्न एका वाक्यात पेनाने लिहून काढायचा, ही जुनी सवय. मी संख्याशास्त्राची. जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची आकडेमोड माझ्याकडे असते. जिल्ह्याचं नाव 2024पासून अहिल्यानगर झालं. ज्या सर्वेक्षणावर आम्ही काम करतो ते 2019चं, म्हणून फायलीत अहमदनगर, आणि बोलताना नगर.

आजचं वाक्य असं: नगर जिल्ह्यातल्या आदिवासी स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती आहे आणि तो कशाकशाशी निगडित आहे?

वाक्य सोपं दिसतं, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ही एक निवड आहे. ‘नगर जिल्ह्यातल्या’ म्हणजे मूळच्या इथल्या, की मुलाखतीच्या वेळी इथे असलेल्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा नियम असा, की आदल्या रात्री त्या घरात मुक्काम असलेली 15 ते 49 वयाची प्रत्येक स्त्री मुलाखतीला पात्र; ती घरची असो वा पाहुणी. ‘आदिवासी’ कुणी सांगितलं म्हणून? घराच्या प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखाची जात-जमात विचारतात, स्त्रीच्या प्रश्नावलीत तिची स्वतःची. दोन्ही उत्तरं नेहमी जुळतीलच असं नाही. ‘रक्तक्षय’ म्हणजे हिमोग्लोबिन किती खाली? गरोदर नसेल तर डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर 11च्या खाली. म्हणजे एकाच मापाने सगळ्यांना मोजता येत नाही.

या तीन निवडी वहीत लिहून झाल्या की मगच चहा. संगणकावर नंतर जी ओळ लिहायची, ती या तीन ओळींपेक्षा शहाणी कधीच नसते.

सकाळी 8.15

सावेडीहून बस मनमाड रस्त्याला लागते. या रस्त्याने जाताना जिल्हा उलगडत जातो आणि माझ्या कामातली एक अवघड कल्पना डोळ्यांना दिसू लागते. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा: 17,000 चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुके, 2011च्या जनगणनेप्रमाणे 45 लाखांवर लोक. उत्तरेला राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या भागात कालव्याचं पाणी, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा कोरडवाहू, अवर्षणाचा पट्टा. पश्चिमेला अकोले: कळसूबाईचा डोंगर, भंडारदऱ्याचं धरण, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या.

आदिवासींचं प्रमाण जिल्ह्याच्या लोकसंख्येत 8.3 टक्के. पण हे आठ टक्के जिल्हाभर सारखे पसरलेले नाहीत. अकोले तालुक्यात जवळपास निम्मे लोक आदिवासी आहेत. दक्षिणेतल्या कितीतरी गावांत एखाददुसरं घर, कुठे तेही नाही. आजच्या दिवसाची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

सर्वेक्षण आखणाऱ्यांना हे ठाऊक असतं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने या सर्वेक्षणाची पाचवी फेरी घेतली, महाराष्ट्रात ती 2019च्या जून ते डिसेंबर या काळात झाली. प्रत्येक जिल्ह्याचे शहरी आणि ग्रामीण असे भाग पाडले. ग्रामीण भागातली गावं पुन्हा स्तरांत वाटली: एक वाटणी गावातल्या घरांच्या संख्येवर, दुसरी अनुसूचित जाती-जमातींच्या प्रमाणावर. मग प्रत्येक स्तरातून गावं काढली. मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी मोठी. निवडलेल्या गावात घरांची यादी करून ठरावीक अंतराने 22 घरं घेतली. गाव फार मोठं असेल तर त्याचे तुकडे पाडून त्यातले निवडले. हे निवडलेलं गाव किंवा तुकडा म्हणजे आमच्या भाषेत ‘पीएसयू’, नमुन्याचं पहिलं एकक. मराठीत मी त्याला गट म्हणते.

हा सगळा खटाटोप म्हणजे सर्वेक्षणाची रचना. आकडे फायलीत येतात तेव्हा ही रचना तीन स्तंभांत उरलेली असते: गटाचा क्रमांक, स्तराचा क्रमांक आणि भार, म्हणजे हिशेबात प्रत्येक स्त्रीला किती वजन द्यायचं ते. हे तीन स्तंभ सांभाळले तर सर्वेक्षण हाती राहतं. ते सुटले तर हाती उरते फक्त बायकांची यादी.

सकाळी 9.30

फाईल उघडते. काम ‘आर’ या संगणकभाषेत, आणि तिच्यातल्या ‘सर्व्हे’ नावाच्या पॅकेजमध्ये. थॉमस लमली या संख्याशास्त्रज्ञाने ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवलं. महागडी सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या आमच्यासारख्या विभागांवर हे मोठे उपकार आहेत.

पहिला तास फक्त फायलीशी ओळख करून घेण्यात जातो. हिमोग्लोबिनचा स्तंभ बघा. 112 असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 11.2, दशांशचिन्ह छापलेलं नसतं. पुढे उतरत गेलं की मध्येच 994, 995, 996 असे आकडे येतात. ही हिमोग्लोबिनं नव्हेत. बाई घरी नव्हती, तिने रक्त द्यायला नकार दिला, किंवा दुसरं काही कारण, असे ते संकेत. कुणी डोळे मिटून सरासरी काढली तर या बायकांचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला 99 ग्रॅम धरलं जाईल. आणि कुणी ‘12च्या खाली असेल तर रक्तक्षय’ एवढीच अट लिहिली तर नकार देणाऱ्या सगळ्या जणी ठणठणीत ठरतील. दुसरी चूक जास्त घातक, कारण तिच्यामुळे आलेली टक्केवारी शक्य कोटीतली दिसते.

भाराचा स्तंभ तसाच. त्यातल्या संख्येला दहा लाखांनी भागायचं असतं.

जमातीच्या स्तंभात ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलेल्या काही जणी असतात, आणि काही रकाने पूर्ण रिकामे. इथे ‘आर’चा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. चौकटी कंसात अट घालून ओळी मागवल्या तर रिकाम्या रकान्यांच्या ओळी गळत नाहीत. त्या जागी सगळेच रकाने रिकामे असलेल्या ओळी येतात. ‘सबसेट’ हे फंक्शन वापरलं तर त्याच ओळी मुकाट गळतात. दोन्ही वागणुकी दस्तऐवजात लिहिलेल्या आहेत, पण कुणी न वाचता पुढे गेलं तर एकाच अटीतून दोन वेगळ्या संख्या मिळतात. म्हणून अट लिहिण्याआधी प्रत्येक उत्तराखाली किती जणी आहेत याचा तक्ता काढायचा. रिकाम्यांसह.

सकाळी 10.30

विद्यार्थिनी येते. राजूरच्या बाजूची, अकोले तालुक्यातली, डॉक्टर झाली आणि आता आमच्या विभागात एमडी करते आहे. हा विषय तिने स्वतः मागून घेतला. लॅपटॉप समोर ठेवून म्हणते, “मॅडम, काल रात्री सगळं तयार केलं होतं. फक्त शेवटी एक एरर येतेय.”

तिने काय केलं ते क्रमाने बघितलं. देशभराच्या फायलीत 7,24,115 स्त्रिया आहेत. त्यातून तिने महाराष्ट्र वेगळा केला: 33,755. त्यातून नगर जिल्हा. जनगणनेतला त्याचा क्रमांक 522. त्यातून अनुसूचित जमातीच्या. त्यातून रक्त दिलेल्या. उरलेल्या ओळी नव्या फाईलमध्ये ठेवल्या, जुनी फाईल बंद केली. मग या छोट्या फायलीला गट, स्तर आणि भार सांगून रचना बांधली आणि मॉडेल चालवायला घेतलं. ‘आर’ने उत्तर दिलं, की अमुक स्तरात पहिल्या टप्प्यावर एकच पीएसयू आहे.

“नेटवर याचा उपाय मिळाला,” ती म्हणते. “एक ऑप्शन लिहिला की एरर जाते.”

“जाते खरी,” मी म्हटलं, “पण ती काय सांगतेय ते आधी ऐकू या.”

ज्या स्तरात आता एकच गट दिसतो आहे, तिथे सर्वेक्षणाने एकच गट घेतला होता का? नाही. तिथे बरेच गट होते. बाकीच्या गावांतल्या 22 घरांत आदिवासी स्त्री सापडली नाही, म्हणून तिच्या गाळणीत ती गावं अख्खी नाहीशी झाली. तक्रार आहे ती एवढीच. तो ऑप्शन खऱ्याखुऱ्या एकट्या गटासाठी आहे, आपण निर्माण केलेल्या एकटेपणावर पांघरूण घालायला नव्हे.

दुपारी 12

फळ्यापाशी जातो. हा भाग मी दर बॅचला हातानेच करून दाखवते. संगणकावर तो पटत नाही.

समजा, एका स्तरातून चार गावं निवडली. पहिल्या गावात आदिवासी स्त्रिया सापडल्या 10. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात एकही नाही. चौथ्यात 12. भार सगळ्यांचा 1 धरू. एकूण 22.

आता ही 22 संख्या किती भरवशाची? त्यासाठी विचारायचं, की गावागावांत फरक किती आहे. 10, 0, 0, 12. सरासरी 5.5. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घेऊन वर्ग केले: 20.25, 30.25, 30.25, 42.25. बेरीज 123. तीनने भागली, 41. चार गावं, म्हणून चारने गुणलं, 164. वर्गमूळ साधारण 12.8. म्हणजे 22 या अंदाजाची प्रमाण त्रुटी जवळजवळ 13. दुसरी चार गावं निघाली असती तर आकडा फार वेगळा येऊ शकला असता, हे प्रामाणिक उत्तर आहे. आदिवासी वस्ती काही गावांत दाट आणि काहींत मुळीच नाही, याचं हे प्रतिबिंब.

आता शून्याची दोन गावं पुसून टाकू. उरली 10 आणि 12. सरासरी 11, दोघांचं अंतर एकेक. हिशेब केला तर प्रमाण त्रुटी येते 2.

बेरीज दोन्हीकडे 22च. पण पहिल्या हिशेबात आपण म्हणतो ‘22, पण खात्री कमी’, आणि दुसऱ्यात ‘22, अगदी पक्की’. तीच माणसं, तीच उत्तरं. फक्त जिथे कुणी सापडलं नाही ती गावं आपण विसरलो आणि खात्री सहापट वाढली. ही खात्री कुठल्याही क्षेत्रकामातून आलेली नाही.

विद्यार्थिनीने बरोबर शंका काढली: “पण मला एकूण संख्या नकोय, टक्केवारी हवीय. तिथेही एवढा फरक पडतो?” एवढा नाही पडत. टक्केवारीत अंश आणि छेद दोन्ही हलतात, म्हणून शून्याच्या गावांचा परिणाम कमी होतो. कधी त्रुटी थोडी वाढते, कधी थोडी घटते, आणि कुठल्या बाजूला जाईल ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच अंदाजाने सोडून देता येत नाही. शिवाय काही स्तरांत एकच गट उरला की हिशेबच थांबतो, हे तिने काल रात्री पाहिलंच.

मग बरोबर रीत कोणती? क्रम उलटा करायचा. आधी पूर्ण फायलीवर रचना बांधायची: गट, स्तर, भार. त्यानंतर त्या रचनेला सांगायचं, की आता मला फक्त या बायकांबद्दल बोल. ‘आर’मध्ये हे काम ‘सबसेट’ करतं, पण साध्या फायलीवर नव्हे, रचनेवर चालवलेलं. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, शब्दही तोच. आत फरक असा, की रचनेला प्रत्येक स्तरात मुळात किती गट होते हे लक्षात राहतं. ओळी कमी झाल्या तरी ती मोजणी बदलत नाही. स्टाटा हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी हाच नियम: सर्वेक्षणाच्या आज्ञेला ‘इफ’ जोडू नका, ‘सबपॉप’ वापरा.

एक सूट आहे, तीही तिला सांगितली. नगर जिल्हा वेगळा काढताना तिने ओळी कापल्या, त्याने त्रुटीचा हिशेब बिघडला नाही. कारण या सर्वेक्षणात स्तर जिल्ह्याच्या आतच पाडलेले आहेत. जिल्हा घेतला की स्तर अख्खेच्या अख्खे येतात, एकही अर्धा तुटत नाही. जमात, वय, शिक्षण, गरोदरपण या गोष्टी मात्र प्रत्येक स्तरातून आडव्या जातात. तिथे कापायचं नाही.

दुपारी 1.30

डबा. पाथर्डीकडचे एक आरोग्य सहायक कामासाठी आले होते, ते आमच्याबरोबर बसले. आम्ही कशावर बोलतोय ते ऐकून म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे दिवाळीनंतर या सर्व्हेला. वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुलपं.” ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की नवरा-बायको बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने निघतात, ते वैशाखात परततात.

त्यांचं बोलणं मी जेवण झाल्यावर वहीत उतरवलं, कारण ते आमच्या विषयाचंच आहे. बंद घर हेही नमुन्यातलं घर असतं; त्याच्या दाराशी मुलाखत घेणारी बाई गेलेली असते, पुन्हा गेलेली असते, आणि शेवटी ‘कुणी नाही’ अशी नोंद करते. ही निवड कुणी संगणकावर केलेली नसते, पोटासाठी केलेली असते. भारात प्रतिसाद न मिळाल्याची दुरुस्ती केलेली असते, पण त्या दुरुस्तीमागे एक गृहीतक आहे: जे भेटले नाहीत ते भेटलेल्यांसारखेच. फडावर कोयता चालवणारी बाई आणि गावात राहिलेली तिची जाऊ यांच्या रक्तातलं लोह सारखंच असेल, हे मी तरी धरून चालणार नाही. हे मॉडेलमध्ये बसवता येत नसेल तर प्रबंधाच्या मर्यादांमध्ये ते स्पष्ट शब्दांत आलं पाहिजे.

दुपारी 2.30

आता मॉडेल. पण त्याआधी एक साधा हिशेब, बोटांच्या पेरांवर. महाराष्ट्रात 31,643 घरं, 36 जिल्हे. एका जिल्ह्याला सरासरी 900च्या आसपास घरं, साडेनऊशेच्या आसपास स्त्रिया, चाळीसेक गट. त्यातल्या आठ टक्के म्हणजे पाऊणशे स्त्रिया. त्याही मूठभर गटांत एकवटलेल्या. याच सर्वेक्षणाच्या अहवालांत 50हून कमी जणींवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात आणि 25हून कमी असतील तर छापतच नाहीत. पाऊणशे जणींवर वय, शिक्षण, मुलांची संख्या, घराची आर्थिक पायरी, शौचालय, आहार असे डझनभर घटक लादले तर मॉडेल उत्तर देईल, पण ते उत्तर त्या पाऊणशे जणींपुरतंच राहील.

म्हणून प्रश्न दोन भागांत तोडला. ‘किती’ हे नगर जिल्ह्यासाठी, विश्वासांतरासह, मग ते कितीही रुंद येवो. ‘कशाशी निगडित’ हे महाराष्ट्रातल्या सगळ्या आदिवासी स्त्रियांसाठी, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत. विद्यार्थिनीचा चेहरा जरा उतरला. तिला अकोल्याबद्दल लिहायचं होतं. पण राज्यभराच्या उत्तरातही अकोल्याच्या वाड्या आहेतच. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हा आकडा 48 होता. घटायला हवं होतं ते वाढलं. अशा वेळी कारणांच्या बाबतीत घाईने, तोकड्या आकड्यांवर बोलणं कुणाच्याच हिताचं नाही.

मॉडेल लॉजिस्टिक. ते नेहमीच्या ‘जीएलएम’ने चालवून त्याला भार आणि ‘सबसेट’ दिलं तर गुणक बरोबर येतात, पण त्रुटी चुकीच्या. त्या आज्ञेला गट आणि स्तर ठाऊकच नसतात. म्हणून ‘एसव्हीवाय-जीएलएम’, बांधलेल्या रचनेवर.

साध्या ‘जीएलएम’च्या ‘सबसेट’बद्दल दोन गोष्टी मात्र तिला आजच सांगून ठेवल्या, कारण पुढे ती इतर आकड्यांवर काम करेल तेव्हा त्या आडव्या येणार. पहिली: ही आज्ञा आधी सूत्रातली पदं पूर्ण फायलीवर मोजते आणि मग ओळी गाळते. सूत्रात वय सरासरीपासून मोजायला सांगितलं असेल तर ती सरासरी सगळ्या बायकांची, निवडलेल्यांची नव्हे. वयासाठी वक्र बसवला असेल तर त्याचे सांधेही सगळ्यांच्या वयांवरून ठरतात. ‘आर’च्या मदतपानात हे स्पष्ट लिहिलं आहे. हवं ते पद आधी स्वतः मोजून स्तंभात ठेवलं की गोंधळ राहत नाही.

दुसरी जास्त फसवी. तिने 36 जिल्ह्यांसाठी एक फंक्शन लिहिलं होतं: सूत्र बाहेर एकदाच तयार केलेलं, जिल्ह्याचा क्रमांक आत येणारा, आणि ‘सबसेट’मध्ये ‘जिल्हा बरोबर तो क्रमांक’ अशी अट. ‘आर’ या अटीतलं नाव आधी फायलीत शोधतं आणि तिथे नसेल तर जिथे सूत्र जन्मलं तिथे. फंक्शनच्या आत बघत नाही. बाहेर त्या नावाचं काही नसेल तर एरर येते, म्हणजे सुटका. पण आधीच्या कामातून त्याच नावाने 522 पडून राहिला असेल तर छत्तीसही जिल्ह्यांच्या नावाखाली नगरचंच उत्तर छापलं जातं, आणि तक्ता दिसायला सुबक असतो. उपाय एकच: फंक्शनच्या आत आधी रचनेतून उपगट निवडा, किती जणी आल्या ते छापा, मग मॉडेल चालवा.

दुपारी 4

फोन. एका तालुक्यातून विचारणा: याच सर्वेक्षणातून तालुकानिहाय रक्तक्षयाचे आकडे काढून मिळतील का, आराखड्यात घालायचे आहेत. विचारणारे कळकळीने विचारत होते. खालच्या पातळीवर आकडे हाताशी नसतात, ही अडचण खरी आहे. तरी नाही म्हटलं. नमुना जिल्ह्यासाठी आखलेला आहे. जिल्ह्याचे चाळीसेक गट चौदा तालुक्यांत वाटले तर तालुक्याच्या वाट्याला दोन-तीन गावं येतात. दोन-तीन गावांवरून तालुक्याचं आरोग्य सांगणं म्हणजे भातातली दोन शितं बघून सगळ्या गावजेवणाची चव सांगणं. त्यांना उपकेंद्रांच्या नोंदवह्या, गरोदर मातांच्या हिमोग्लोबिन तपासण्यांच्या नोंदी कशा वापरता येतील ते सांगितलं. त्या नोंदींनाही मर्यादा आहेत, पण त्या त्याच तालुक्याच्या आहेत.

नाही म्हणणं हाही या कामाचा भाग आहे. निवडता येतं म्हणून प्रत्येक तुकडा निवडण्याजोगा होत नाही.

संध्याकाळी 5.30

दिवसाचं शेवटचं काम म्हणजे गळतीचा तक्ता. विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो, मला ते प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. वरपासून खाली: राज्यातल्या मुलाखत झालेल्या स्त्रिया. त्यातल्या अनुसूचित जमातीच्या. जमातीचं उत्तर नसलेल्या, वेगळ्या. रक्त दिलेल्या. न दिलेल्या, कारणांसह. गरोदर आणि बिगरगरोदर. शेवटी मॉडेलमध्ये पोहोचलेल्या. प्रत्येक पायरीवर किती आणि का.

मॉडेल स्वतःही गुपचूप गळती करतं. एखाद्या बाईचं एकच उत्तर रिकामं असेल तर तिची अख्खी ओळ बाजूला पडते. डझनभर घटक असले की ही गळती वाढत जाते, आणि ती सगळ्यांत सारखी नसते. ज्यांना प्रश्नच नीट कळला नाही, ज्यांच्या मुलाखती अर्ध्यावर राहिल्या, त्यांच्यात जास्त. म्हणून प्रत्येक मॉडेलनंतर किती जणी वापरल्या गेल्या ती संख्या वहीत उतरवायची आणि तक्त्याशी ताडून बघायची. आज विद्यार्थिनीने ती स्वतःहून ताडली. फरक आला. शोधल्यावर निघालं, की आहाराच्या एका प्रश्नाची रिकामी उत्तरं आम्ही मोजलीच नव्हती. तक्त्यात एक पायरी वाढली.

रात्री 9

जेवणानंतर गाडगीळ. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव जिल्ह्यात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यामुळे घेतलं जातं. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने ते त्या उभारणीत होते. पण माझ्या कपाटात ते वेगळ्या कारणासाठी आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेने 1948मध्ये त्यांचा एक पाहणी अहवाल छापला: गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे. आमच्याच मातीतली पाहणी, संगणक येण्याच्या कितीतरी आधीची.

त्या पाहणीचं मोल मला आज दुपारी फळ्यापाशी पुन्हा जाणवलं. प्रश्न कालव्याचा होता, तर फक्त कालव्याखालची गावं घेऊन भागलं असतं असं वाटेल. त्यांनी कालव्याबाहेरची कोरडवाहू गावंही घेतली. पाण्याने काय दिलं हे सांगायला जिथे पाणी गेलं नाही ती गावं लागतात. पुढे पां. वा. सुखात्मे, साताऱ्याच्या बुधचे, यांनी नमुना पाहणीचं शास्त्र पुस्तकात बांधलं आणि ते जगभर शिकवलं गेलं. प्रश्नाबाहेरच्यांना हिशेबात धरण्याची शिस्त आपल्याकडे अशी जुनी आहे; नवीन आहे ते फक्त एका ओळीत त्यांना पुसून टाकण्याची सोय.

उद्या विद्यार्थिनी पद्धतीचं प्रकरण लिहायला घेईल. त्यात तीन वाक्यं हवीतच, असं तिला सांगितलं आहे. रचना पूर्ण नमुन्यावर बांधली आणि उपगट त्यातून निवडला. उपगटाबाहेर कोण राहिलं आणि का, ते अमुक तक्त्यात दिलं आहे. आणि ज्या घरांना कुलूप होतं त्यांच्याबद्दल हा प्रबंध काही सांगू शकत नाही. पहिल्या दोन वाक्यांसाठी संगणक लागतो. तिसऱ्यासाठी जिल्हा माहीत असावा लागतो, आणि तो तिला माहीत आहे.